ताळेबंदात न दिसणारे भांडवल



कोणत्याही सार्वजनिक उपक्रमाचा वार्षिक अहवाल उघडला, की जमीन, इमारती, यंत्रसामग्री, येणी-देणी असे रकाने ओळीने समोर येतात. यंत्राचे मूल्य घसाऱ्याने किती घटले, हे हिशेबनीस पैशापर्यंत सांगू शकतो. मात्र ते यंत्र कोठे अडते, कोणत्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखावे, हे ज्याला तीस वर्षांच्या सरावाने कळते, त्या कामगाराची नोंद याच अहवालात ‘वेतनखर्च’ म्हणून होते. ज्ञान येथे मालमत्ता नसते. ती खर्चाची बाब असते.

स्वीडनमधील स्कँडिया या विमा कंपनीने १९९४ साली आपल्या वार्षिक अहवालाला बौद्धिक भांडवलाची स्वतंत्र पुरवणी जोडली, तेव्हापासून या विषयाची जगभर चर्चा सुरू झाली. माणसांच्या ठायी असलेले कौशल्य, संस्थेच्या कार्यपद्धतीत व नोंदींत उतरलेले ज्ञान आणि समाजाशी जडलेले विश्वासाचे नाते, असे या भांडवलाचे तीन अंश अभ्यासक मानतात. मराठी माणसाला ते समजून घेण्यासाठी स्वीडनला जाण्याचे कारण नाही. त्याने रोह्याच्या पुढे जाणाऱ्या गाडीत बसावे.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. रेल्वेच्या सेवेतून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. रोहा ते मंगळूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवरील ६० मीटरहून उंच पूल ही या मार्गाची भूषणे म्हणून नेहमी सांगितली जातात. परंतु खरी परीक्षा कातळाने घेतली नाही. कातळासाठी स्वीडनहून यंत्रे आली होती. गोव्यातील पेडण्यासारख्या ठिकाणच्या मऊ, पाण्याने भरलेल्या मातीत ती यंत्रे कामाला आली नाहीत. बोगदा खणावा आणि माती पुन्हा आत यावी, असे वारंवार घडले. तेथे हाताने, इंचाइंचाने काम झाले. अशा मातीतील बोगद्यांनी १९ जणांचे प्राण घेतले. त्यातून जे ज्ञान मिळाले त्याची किंमत रुपयांत मांडता येणार नाही.

विश्वासाच्या नात्याचेही उदाहरण याच मार्गावर आहे. चाळीस हजारांहून अधिक जमीनधारकांची जमीन रेल्वेमार्गासाठी घ्यावी लागली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आंबा-काजूच्या बागा आणि राहती घरे त्यात होती. रेल्वे कोकणासाठी येत आहे, ही भावना नसती तर अनेकांनी आपणहून ताबा दिला नसता आणि हा प्रकल्प न्यायालयांच्या पायऱ्यांवरच अडकला असता.

महामंडळ मात्र कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेले होते. ताळेबंद पाहणाऱ्याला तो एक आजारी उपक्रम वाटला असता. शिवाय मार्ग पुरा झाला म्हणजे शिकणे संपले, असेही नव्हते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडीला झालेल्या अपघातात ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात होऊन पुन्हा बळी गेले. डोंगर कापताना मिळालेले ज्ञान तो डोंगर पावसात सांभाळण्यास पुरेसे नव्हते, ही कबुली त्यानंतरच्या कामांतच होती. उतार कमी करणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्याचे स्वतंत्र वेळापत्रक आखणे, अतिवृष्टीत गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणणे आणि रात्रंदिवस गस्त ठेवणे, ही सारी पद्धत अपघातांच्या धड्यांतून घडत गेली. वेळापत्रक कागदावर उतरते. परंतु डोंगरातून झिरपणारे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ का झाले, याचा अर्थ गस्त घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असतो.

महामंडळाचे सारेच प्रयोग फळाला आले असे नाही. मडगावचा स्कायबस चाचणीच्या पुढे गेला नाही. पण जम्मू-काश्मीरमधील रेल्वेमार्गाचा एक अत्यंत खडतर टप्पा याच महामंडळाकडे सोपविला गेला. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाब पूल आणि अंजी खड्ड येथील देशातील पहिला तारांवर तोललेला रेल्वेपूल ६ जून २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. सह्याद्री आणि हिमालय यांचा खडक एक नव्हे. मात्र भूगर्भाचा भरवसा नसताना काम कसे आखावे, ही शिकवण कोकणात मिळालेली होती. पैशाने दुबळ्या ठरलेल्या संस्थेने हे करून दाखविले.

आता प्रश्न विलीनीकरणाचा आहे. ज्या राज्यांचा या महामंडळात वाटा होता त्यांपैकी महाराष्ट्रानेही मे २०२५ मध्ये भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली आणि ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राखण्याची अट घातली. निधीच्या दृष्टीने विलीनीकरणाची बाजू बळकट आहे. दुपदरीकरणासाठी लागणारा पैसा एका लहान महामंडळाला उभारणे कठीणच. नावाची अटही योग्य. पण नाव राखणे आणि ज्ञान राखणे यांत अंतर आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आणली तेव्हा सुमारे एक लाख कर्मचारी अल्पावधीत बाहेर पडले. वेतनाचा भार हलका झाला आणि त्याबरोबर शाखेतील कर्जदाराची तीन पिढ्यांची पत जाणणारा माणूसही गेला. तो तोटा कोणत्याच पत्रकात आला नाही.

१९९० च्या दशकात विशी-तिशीत रुजू झालेली कोकण रेल्वेची पिढी निवृत्त होत चालली आहे. देशव्यापी यंत्रणेत बदल्यांचे चक्र अटळ असते. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली. म्हणजे त्या मातीशी असलेला हिशेब अजून मिटलेला नाही. विलीनीकरणाच्या कागदपत्रांत कर्ज, भागभांडवल आणि सेवाज्येष्ठता यांची कलमे असणारच. त्यांच्याच शेजारी गेल्या सर्व पावसाळ्यांच्या गस्तीच्या नोंदी, दरडींची स्थाने, निवृत्त होणाऱ्यांच्या जोडीला नव्या माणसाने घालवायचे किमान दोन पावसाळे आणि या मार्गावरील अभियंत्यांच्या बदल्यांवरील मर्यादा यांसाठी एक कलम घालावे, ही मागणी कोकणातील लोकप्रतिनिधींना आणि प्रवासी संघटनांना करता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.