ढगांतला बर्फ आणि उष्णतेचे किरण
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या भुईगावात बर्फ पडत नाही. परंतु वर्षातले कितीतरी दिवस तो आपल्या डोक्यावर असतो, असे सांगितले तर नवल वाटेल. वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे 5 किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याइतका गारवा असतो. त्याहून पुष्कळ वर पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढग दिसतात, ते बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात. हे स्फटिक बहुधा षट्कोनी असतात. त्यांतून जाताना चांदणे वळते आणि चंद्राभोवती मोठे खळे पडते. हात लांब करून पंजा ताणला, तर चंद्रापासून त्या खळ्यापर्यंत साधारण एक वीत भरते. असे खळे दिसले की वर बर्फ आहे हे खुशाल समजावे.

आता उष्णतेच्या किरणांकडे वळू. 1800 साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे उष्णतामापक ठेवला. त्यातले तापमान चढले! हेच अवरक्त किरण. तापलेल्या तव्याच्या शेजारी हात धरला तर न शिवताही धग लागते, ती मुख्यतः यांचीच.

आपली जमीनही रात्रंदिवस असे किरण वर सोडीत असते. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की ही ऊब निघून जाते, जमीन गारठते आणि पहाटे दव पडते. राजेळी केळ्यांची सुकेळी करणाऱ्या भगिनींना दवाची धास्ती मी काय सांगावी? आभाळ भरलेले असले तर दव कमी पडते, कारण ढग ती ऊब शोषून घेतात आणि काही खाली परत पाठवतात. बर्फाचा विरळ ढगही थोडेफार हेच करतो. दिवसा तो बरेचसे ऊन खाली येऊ देतो, पण जमिनीची ऊब अडवतो.

स्फटिकावर किरण पडला की त्याचा काही भाग इकडेतिकडे विखुरतो आणि काही आत मुरतो. किती विखुरावा, किती मुरावा, हे किरणाच्या लांबीवर आणि स्फटिकाच्या आकारमानावर अवलंबून असते. याचाच उपयोग आपले इन्सॅट-3डीआर (2016) आणि इन्सॅट-3डीएस (2024) हे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून करतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. 1.6 मायक्रॉन लांबीचे सूर्यकिरण बर्फात पुष्कळसे मुरतात, पाण्याच्या थेंबांवरून मात्र परत फिरतात. म्हणून त्या चित्रात बर्फाचे ढग काळसर आणि पाण्याचे उजळ दिसतात. रात्री ऊन नसते, तेव्हा सुमारे 11 आणि 12 मायक्रॉनचे उष्णताकिरण मोजतात. विरळ बर्फाच्या ढगातून या दोहोंची मोजमापे निरनिराळी येतात. ढग दाट असला की फरक जवळजवळ उरत नाही. त्यावरून जाणकार विरळ ढग कोणता आणि दाट कोणता ते ओळखतात.

आता कामाची गोष्ट. या चित्रांत पांढरे म्हणजे थंड, पाऊस नव्हे. मोबाइलवर वसईवर पांढरा डाग दिसला, तरी तो कोरडा, विरळ ढग असू शकेल. उलट, ठेंगणा ढग उबदार असल्यामुळे चित्रात फिका दिसतो, आणि आपले वाळवण भिजवून जातो! म्हणून चित्र पाहून स्वतःच निकाल देऊ नये. हवामान खात्याने लेखी दिलेला इशारा वाचावा.

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून वर गेले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. असे वादळ दूर असताना आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असू शकते. "आभाळ तर मोकळे आहे" असे म्हणून इशारा उडवून लावला, तर किल्लाबंदर, पाचूबंदर, अर्नाळा येथल्या होड्यांवरची माणसे संकटात सापडतील.

तेव्हा माझी मंडळाला एक सूचना आहे. मे ते डिसेंबर आपल्या फळ्यावर रोजचा इशारा लिहावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या शेजारणींना तो जाऊन सांगावा. हे काम आळीपाळीने केले तर कोणालाच जड जाणार नाही.