सोसायटीने दंड लावला? भांडण्याआधी चार कागद मागा



आज बोलूया सोसायटीच्या दंडाबद्दल. गाडी दुसऱ्याच्या जागेत लावली, ५०० रुपये. गॅलरीबाहेर ओले कपडे वाळत घातले, २०० रुपये. रात्री अकरानंतर मित्र आले, १,००० रुपये. व्हॉट्सॲप ग्रुपवर चेअरमनसाहेबांचा मेसेज पडतो आणि पुढच्या मेंटेनन्स बिलात 'पेनल्टी' नावाची एक नवी ओळ उगवते. मग घरात दोन पक्ष. आई म्हणते, "भरून टाक रे, रोज त्यांचंच तोंड बघायचंय." आणि आपण म्हणतो, "एक रुपया देणार नाही!"

थांबा. दोन्हींच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा: हा दंड लावायचं ठरवलं कुणी, आणि कुठल्या कागदावर?

महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त सहकारी गृहनिर्माण सोसायट्या आहेत. त्यांना १९६० चा सहकारी संस्था कायदा लागू होतो. २०१९ मध्ये त्यात फक्त गृहनिर्माण संस्थांसाठी एक वेगळं प्रकरण घातलं गेलं. पण सोसायटीचा रोजचा कारभार चालतो तो उपविधींवर, म्हणजे आपण ज्याला 'बायलॉज' म्हणतो त्यावर. बऱ्याच सोसायट्यांनी सरकारचे २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारलेत. त्यांत दंड कसा लावायचा हे लिहिलेलं आहे. आणि तिथे चेअरमनला एकट्याने दंड ठोकायचा अधिकार नाही.

क्रम असा आहे. एक, कुठल्या गोष्टीला किती दंड हे सर्वसाधारण सभेने आधी ठरवलेलं असलं पाहिजे. सर्वसाधारण सभा म्हणजे सगळे सभासद, कमिटी नव्हे. दोन, नियम मोडला तर सेक्रेटरीने ते सभासदाच्या लक्षात आणून द्यायचं. तीन, तरीही सुधारणा झाली नाही तर कारणे दाखवा नोटीस द्यायची. चार, कमिटीने त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि मगच दंडाचा निर्णय करायचा. वर मर्यादाही आहे: एका प्रकारच्या नियमभंगासाठी वर्षाला जास्तीत जास्त ५,००० रुपये.

वर्षाला, बरं का. दिवसाला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण डिसेंबर २०२१ मध्ये नवी मुंबईतल्या एका मोठ्या गृहसंकुलाची बातमी देशभर गाजली होती. भटक्या कुत्र्यांना आवारात खायला घातलं म्हणून दिवसाला ५,००० रुपये दंड लावला जात होता आणि एका रहिवाशाची रक्कम ८ लाखांच्या वर गेली होती. तिथला कारभार सहकारी सोसायटीकडे नव्हता, एका कंपनीकडे होता. म्हणून पहिलं काम हेच, की आपली इमारत कुठल्या कायद्यात बसते ते बघा. पुण्यात तर कितीतरी इमारती 'अपार्टमेंट' आहेत. त्यांना १९७० चा वेगळा कायदा आहे, आणि तिथे डीड ऑफ डिक्लरेशन आणि त्यासोबतचे नियम वाचावे लागतात. आज मी जे सांगतोय ते सहकारी सोसायटीबद्दल.

आता दंडाचा एक भाऊ आहे, तो वेगळ्या नावाने येतो. फ्लॅट बॅचलर मुलांना दिला म्हणून मालकाकडून महिन्याला दोन-तीन हजार जादा. बिलावर लिहिलेलं असतं 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस'. फ्लॅट भाड्याने दिल्यावर हा आकार घेता येतो, पण त्याला १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने मर्यादा घातलीय: सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के. म्हणजे तुमचे सर्व्हिस चार्जेस २,००० असतील तर हा आकडा २०० च्या वर जाता कामा नये. भाडेकरू कुटुंब आहे की कॉलेजची चार पोरं, त्याने या हिशोबात काही फरक पडत नाही.

ऐकणाऱ्यांपैकी खूप जण भाड्याने राहतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. सोसायटीचा व्यवहार सभासदाशी असतो, म्हणजे तुमच्या घरमालकाशी. दंड त्याच्या बिलात लागतो आणि घर सोडताना तुमच्या डिपॉझिटमधून कापला जातो, अनेकदा एक कागदही न दाखवता. त्यामुळे लिव्ह अँड लायसन्सच्या करारात दंडाबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. आणि सोसायटीचं पत्र आलं की त्याचा फोटो लगेच मला पाठवा, असं मालकाला सांगून ठेवा. काका चांगले असतील, पण कागद हवाच.

बरं, दंड लागला. आता काय करायचं?

ग्रुपवर भांडू नका. तिथे चाळीस जण बघत असतात, कुणालाच माघार घेता येत नाही. सेक्रेटरीला साधं पत्र द्या आणि चार गोष्टींच्या प्रती मागा: दंडाचे दर ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव, मला दिलेली नोटीस, माझं म्हणणं ऐकल्याची नोंद, आणि दंड लावल्याचा कमिटीचा ठराव. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रत्यक्ष घेत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. कागद नसतील, तर पुष्कळदा गोष्ट इथेच मिटते.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं: रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवू नका. वाद दंडाचा आहे. मेंटेनन्स थांबवलं की तुम्ही थकबाकीदार होता. २०१४ च्या उपविधींत थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. थकबाकीदाराला कमिटीची निवडणूक लढवता येत नाही. आणि वसुलीसाठी सोसायटी उपनिबंधकाकडे गेली की तिची बाजू भक्कम, तुमची लंगडी. म्हणून मेंटेनन्सची रक्कम वेगळी भरा आणि ती कशाची आहे हे लेखी कळवा. दंड छोटा असेल तर 'हरकत राखून भरत आहे' असं लिहून तोही भरता येतो. वाद जिवंत राहतो, व्याज चढत नाही. आणि हो, दंड भरला नाही म्हणून पाणी तोडणं किंवा लिफ्ट बंद करणं, हा वसुलीचा कायदेशीर मार्ग नाही. असं झालं तर लगेच लेखी तक्रार करा.

तिसरं, दाद कुठे मागायची? कारभाराची तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. दंड बेकायदा आहे असा वाद असेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. तिथे वेळ जातो, पैसाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारून जा. पण ५०० रुपयांसाठी सगळ्यात स्वस्त आणि जवळची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, जी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावी लागते. साठ फ्लॅटच्या सोसायटीत बारा सह्या. बारा दारं वाजवायला एक रविवार पुरतो.

कमिटीची बाजूही बोललं पाहिजे. ही माणसं बहुतेक ठिकाणी फुकट राबतात. बंबाच्या वाटेत कुणी रोज गाडी लावतं, वरच्या बाथरूमची गळती तीन वर्षं खालच्या आजींच्या छतातून झिरपते आणि मालक फोन उचलत नाही. अशा माणसाला दंड हवाच. आणि तो टिकायला हवा असेल तर कमिटीलाही हीच पद्धत उपयोगाची आहे. ठराव, नोटीस, सुनावणी झाली असेल तर मोडणाऱ्याला पळवाट राहत नाही.

खरी गंमत अशी, की दंडाचे दर ठरवणाऱ्या सभेला साठातले पंधरा जण येतात. कोरम भरत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, मग चहा-वेफर्सवर ठराव मंजूर. आणि आपण तेव्हा वर मॅच बघत असतो. या वर्षी आई-बाबांना सभेची नोटीस आली की तारीख मोबाइलमध्ये टाका. त्यांना विषयपत्रिका वाचून दाखवा. 'दंड' हा शब्द दिसला, तर त्या दिवशी त्यांना सभेला पाठवाच.

तुमच्या बिलात अशी एखादी ओळ असेल तर आम्हाला लिहून पाठवा, नावं आणि फ्लॅट नंबर झाकून. भेटूया पुढच्या भागात!