जुनं पंचांग, नवी परीक्षा

कविता शंभर वर्षांनीही ताजी राहते. परीक्षेचं पुस्तक मात्र पंचांगासारखं, साल उलटलं की शिळं. मालवणातली मुलं संगणक-जाळ्यांच्या ‘सीसीएनए’ परीक्षेसाठी पुस्तक दाखवतात, तेव्हा मी मुखपृष्ठावरचा परीक्षेचा क्रमांक आधी पाहतो. सिस्कोने फेब्रुवारी २०२० मध्ये परीक्षा बदलली; नवा क्रमांक २००-३०१. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचा अभ्यासक्रम पुन्हा सुधारला. स्वस्तातलं २०१८ चं पुस्तक म्हणूनच महाग पडतं.

कंपनी विषयांची यादी फुकट देते. ती शेजारी ठेवून अनुक्रमणिका ताडून पाहा. २०२४ च्या यादीत आयपी जोडणीला २५ टक्के, सुरक्षेला १५ टक्के वजन आहे. वेंडेल ओडम यांचे दोन खंड सविस्तर आहेत. टॉड लॅमल गप्पा मारत शिकवतात. दोघांचं ‘सबनेटिंग’ वाचा. ज्याचं उमगेल, ते घ्या. नुसती उत्तरं घोकवणाऱ्या पुस्तिका नकोत. ‘पॅकेट ट्रेसर’वर सराव मोफत होतो.

फीचे हजारो रुपये कुणाच्या तरी आईने मासळी विकून जमवलेले असतात. पुस्तक निवडताना तेवढं ध्यानात असू द्या.