एककाखाली एकक

श्रोतेहो, बेरीज शिकवताना गुरुजी पहिली ताकीद कोणती देतात? एककाखाली एकक मांडा, दशकाखाली दशक. बेरीज येत असूनही मांडणी सरकली, की उत्तर चुकते. हा चौथीतला धडा मला चाळिशी उलटल्यावर संगणकाने पुन्हा शिकवला.

संगणकाकडून काम करून घेण्याची एक साधी रीत आहे. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर आज्ञा टंकायची आणि उत्तर ओळीओळीने वाचायचे. तिला 'कमांड लाइन' म्हणतात.

गेल्या वर्षी माझ्या वर्गाचे गुण मी एका साध्या फाइलीत रोमन लिपीत टंकले. आधी नाव, मग मराठी, अर्थशास्त्र आणि इतिहास. मधे मोकळी जागा. पडद्यावर पाहतो तो सगळी खिचडी! 'उमा'चे गुण डावीकडे, तर 'विश्वंभर'चे पार उजवीकडे. नावे लहानमोठी, त्याला कोण काय करणार?

यावर 'कॉलम' नावाची आज्ञा आहे. १९९० साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ती आली. तिच्यापुढे आडवी रेघ आणि 'टी' हे अक्षर टंकले, की ती आधी सगळ्या ओळी वाचते, प्रत्येक रकान्यातला सर्वांत लांब शब्द हेरते आणि बाकीच्यांपुढे तेवढी जागा भरते. माझी यादी कवायतीच्या रांगेसारखी उभी राहिली. मी खूश झालो, आणि तिथेच फसलो.

एक मुलगी अर्थशास्त्राच्या पेपराला आजारी होती. तिची जागा मी कोरी सोडली होती. पण ही आज्ञा मोकळ्या जागेला दोन शब्दांमधली फट समजते. फट एका अक्षराची असो की दहा अक्षरांची, तिला सारखीच. त्या मुलीचे इतिहासाचे ७१ गुण निमूटपणे सरकून अर्थशास्त्राखाली बसले. इतिहासाखाली काहीच उरले नाही. यादी लागली, आणि दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. म्हणाली, "सर, इतिहासाचा पेपर मी लिहिला होता हो."

वेडीवाकडी यादी आपण बोट ठेवून वाचतो. नीटनेटकी यादी दिसली, की विश्वास टाकतो. माझे नेमके हेच झाले.

मग करायचे काय? तीन गोष्टी सांगतो. रकान्यांमध्ये स्वल्पविराम द्यावा, आणि आडवी रेघ व 'एस' हे अक्षर टंकून त्यापुढे तो स्वल्पविराम आज्ञेला दाखवावा. म्हणजे नाव आणि आडनाव दोन रकान्यांत फुटत नाही. दुसरी गोष्ट, कोरी जागा कधी सोडू नये. तिथे निदान एक रेघ मारावी. काही जुन्या आवृत्त्या लागोपाठचे दोन स्वल्पविरामही एकच धरतात, म्हणून ही रेघ हवीच. तिसरी, आकडे उजवीकडे टेकवावेत. लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी मोठ्या लिपीतला 'आर' आणि रकान्याचा क्रमांक देता येतो. मग ९ हा १०० च्या एकाखाली न बसता शेवटच्या शून्याखाली बसतो. एककाखाली एकक!

शिक्षक बंधुभगिनींनो, हजेरीपटावर गैरहजर मुलापुढेही आपण खूण करतोच ना? मूल आले नाही, ही देखील नोंदच असते. यंत्राला ती आपणहून कळत नाही. ती आपणच लिहायची, आणि यादी लावण्याआधी एकदा बोट ठेवून वाचायची.