डागी दात आणि गावचे पाणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दातांचा विषय या व्यासपीठाला शोभणारा नाही, आणि भोजनाची वेळ जवळ आली असता तर मुळीच नाही, असे काहींना वाटेल. तथापि आपल्या वधूवर-परिचय मेळाव्यात जे पाहिले, त्यामुळे हे धाडस करीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेली एक सुशिक्षित मुलगी सर्व वेळ ओठ मिटून बसली होती. वरपक्षाकडील एक वृद्ध बाई पुटपुटल्या, "मशेरी लावीत असेल!" त्या मुलीने जन्मात मशेरीला बोट लावले नव्हते.

त्या बाईंना दोष देण्याचा अधिकार मला नाही. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात तपकिरी दातांच्या एका मुलाला मीही आळशी ठरविले होते. त्याची आई एवढेच म्हणाली, "डाक्टरसाहेब, राखुंडीनं घासून घासून हिरड्यांतून रक्त येतंय त्याच्या." तो प्रसंग आठवला की आजही मान खाली जाते.

हे डाग बाहेरून बसत नाहीत. ते दाताबरोबर घडतात. जबड्याच्या आत कायमचे दात तयार होत असताना, म्हणजे साधारणतः वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, पोटात गेलेले अधिक फ्लोराइड दाताच्या कवचाची घडण बिघडविते. म्हणूनच मोठेपणी त्या गावी नांदायला गेलेल्या सुनेचे दात शुभ्र राहतात आणि तिच्या मुलांचे डागतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे मॅके नावाच्या दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे दात पाहिले. कारण मात्र 1931 साली चर्चिल या रसायनज्ञाने पाण्यात शोधून काढले. आपल्या देशात 1937 साली नेल्लोर भागातून या व्याधीचे वृत्त प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावे आज तिच्या छायेत आहेत.

यात एक दैवदुर्विलास आहे. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधणविहिरी झाल्या आणि आयाबहिणींची पायपीट वाचली. परंतु खोल खडकाच्या दीर्घ सहवासात राहिलेले पाणी काही ठिकाणी फ्लोराइड घेऊनच वर आले. ते दिसावयास नितळ असते; त्याला ना रंग, ना वास.

मग फ्लोराइड हे विषच काय? तसेही नाही. लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम असता ते दात किडण्यापासून वाचविते. याच आधारावर 1945 साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने ते पाण्यात मुद्दाम मिसळण्यास आरंभ केला. आपल्याकडील मानकाप्रमाणे एक मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी उत्तम. दुसरी सोय नसल्यास दीडपर्यंत चालते. त्यापुढे दात डागतात, आणि प्रमाण फार वाढून वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधेही आखडतात. कीड हा निराळा रोग असून तो येतो गोडाने. पण तीव्र प्रकारात दाताचे कवच खड्डे पडून झिजते. अशा दाताला चहा-बिस्किटांची जोड मिळाली की कीड आत शिरण्यास वेळ लागत नाही. एकाच मुखात दोन्ही व्याधी मी नित्य पाहतो.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. मेणबत्तीच्या गाळण्यांचाही उपयोग नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुन्याची 'नालगोंडा' पद्धत काढली आहे. पण तुरटी किती घालावी हे पाणी तपासल्यावाचून ठरत नाही. त्यापेक्षा पिण्यापुरते पाणी जुन्या उथळ विहिरीचे, तपासून व उकळून घेणे पुष्कळदा सोपे पडते. डागलेले दात खरवडून घेऊ नका. त्यावर आता चांगले उपचार होतात, आणि त्या मुलीला मी तसे कळविलेही आहे.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने दोनदा विसळून घ्यावा. काचेची बाटली चालत नाही. आपल्या वसतिगृहातील मुले ज्या विंधणविहिरीचे पाणी पितात, तिची तपासणी आजवर झालेली नाही, असे कार्यवाहांनी मला काल सांगितले. सोमवारी मी तिचा नमुना घेऊन जाणार आहे. ज्यांना आपल्या गावचे पाणी पाठवावयाचे असेल, त्यांनी बाटलीवर गावाचे व विहिरीचे नाव लिहून ती त्यापूर्वी वसतिगृहात पोहोचवावी.