कलमाचा चाकू: जुना ठेवावा की नवा घ्यावा?

कलमं बांधायचे दिवस जवळ आले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. “साहेब, घरात वडिलांच्या वेळचा मिटायचा चाकू आहे. बाजारात आता रंगीत मुठीचा, चकचकीत पात्याचा नवा चाकू मिळतो. जुना ठेवू, का नवा घेऊ?” प्रश्न दिसायला लहान आहे. पण चाकू चुकला तर कलम मरतं, हंगाम जातो आणि कधी कधी रोगही बागेत शिरतो. म्हणून आज या चाकूविषयीच बोलू.

काप एवढा महत्त्वाचा का?

सालीच्या खाली, लाकडाला लागून एक पातळ, ओलसर, बुळबुळीत थर असतो. शास्त्रात त्याला कॅम्बियम म्हणतात. नवं लाकूड आणि नवी साल यातूनच तयार होते. खुंटाचा थर आणि कलमकाडीचा थर एकमेकांना चिकटून बसले, तरच कलम सांधतं. काप खडबडीत झाला, साल चेंगरली, मध्ये पोकळी राहिली, की तिथं हवा आणि पाणी शिरतं, बुरशी येते आणि काडी वाळून जाते.

पूर्वी आंब्याचं भेट कलम करीत. त्यात दोन्ही झाडं आपापल्या मुळांवर जिवंत असत, त्यामुळे काप थोडा ओबडधोबड असला तरी निभावून जाई. आता आपण कोय कलम आणि मृदुकाष्ठ कलम करतो. यात काडी झाडावरून तोडून आणलेली असते. सांधा जुळेपर्यंत तिला अंगातल्या पाण्यावरच जगायचं असतं. चार ते पाच सेंटिमीटरचा काप एका ओढीत, सरळ आणि गुळगुळीत झाला पाहिजे. तोच काप तीनदा तासून नीट करू म्हटलं तर काडी सुकते आणि कापही वाकडा होतो.

जुना चाकू: गुण आणि दोष

जुन्या चाकूचं पातं बहुधा साध्या कार्बन पोलादाचं असतं. त्याला चांगलं पाणी दिलेलं असेल तर धार अतिशय बारीक येते. धार गेली तर निसण्यावर चार हात मारले की परत येते. हा त्याचा मोठा गुण आहे.

दोष असा, की ते गंजतं. आंब्याचा चीक, लिंबाचा रस, पावसाचं पाणी लागून पातं तसंच मिटून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी तांबूस डाग दिसतात. इथं एक फरक ओळखा. चिकानं पातं काळपट पडलं, तर त्यात बिघडत काही नाही. तांबडा गंज मात्र धार खातो आणि काप खरखरीत करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बऱ्याच जुन्या चाकूंना खटका नसतो. पाठीमागच्या पोलादी पट्टीच्या ताणावरच पातं उघडं राहतं. ही पट्टी सैल झाली आणि जोर उलटा पडला, तर पातं बोटावर मिटतं.

नवा चाकू: गुण आणि दोष

नव्या चाकूचं पातं बहुधा स्टेनलेस पोलादाचं असतं. या पोलादात बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त क्रोमियम असतं. त्यामुळे पात्यावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि तो गंजाला अडवतो. अजिबात गंजत नाही असं समजू नका, पण कोकणातल्या पावसात दिवसभर काम करायला हे पातं सोयीचं पडतं. अनेक नव्या चाकूंना खटका असतो. तो दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. मूठ ओल्या हातातून निसटत नाही. रंग भडक असल्यानं गवतात पडला तरी सापडतो.

पण चकचकीत म्हणजे चांगला असं नाही. स्वस्तातल्या स्टेनलेस पात्याला कधी कधी पाणी नीट दिलेलं नसतं. वीस-पंचवीस काप झाले की धार बसते. चांगल्या स्टेनलेसची धार टिकते, पण गेली की लावायला कार्बनपेक्षा जास्त वेळ लागतो.

काही जण दुकानात लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखायला बघतात. त्याचा उपयोग नाही. चाकूसाठी कडक केलेलं स्टेनलेसही लोहचुंबकाला चिकटतं. घरचा चाकू कशाचा आहे हे बघायचं असेल, तर पात्यावर लिंबाच्या रसाचा थेंब पाव तास ठेवा. डाग काळपट पडला तर कार्बन पोलाद समजा. नंतर पातं लगेच धुवून कोरडं करा.

घ्यायच्या आधी, ठेवायच्या आधी

चाकू जुना असो वा नवा, या चार गोष्टी तपासा.

एक: पातं उघडून टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवा. डुगडुगत असेल तर सरळ काप येणार नाही. रिबीट ठोकून घट्ट होत असेल तर करून घ्या, नाहीतर तो चाकू कलमाला वापरू नका.

दोन: कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट असते. सपाट बाजूमुळेच काप सरळ जातो. ती काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. मधून उजेड दिसला तर बाजू गोलावली आहे. दोन्हीकडून उतार दिलेला चाकू भाजी चिरायला ठीक, कलमाला नाही. डावखुऱ्या माणसानं उलट्या बाजूला उतार असलेला चाकू मागून घ्यावा.

तीन: हिरव्या काडीवर दोन काप घ्या, ते समोरासमोर जुळवा आणि उजेडाकडे धरा. फट दिसली नाही तर चाकू पास.

चार: संत्रा, मोसंबी किंवा गुलाबाचे डोळे भरायचे असतील, तर साल उकलायची पट्टी चाकूला आहे का आणि तिची कड गुळगुळीत आहे का, ते बघा.

रोगाचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाचं. चाकू एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला देतो. संत्रावर्गीय झाडांत एक्झोकॉर्टिस नावाचा रोग आहे. तो विषाणूपेक्षाही सूक्ष्म अशा घटकामुळे होतो. संत्र्याच्या झाडात तो लक्षण न दाखवता लपून राहतो. पण तिथली डोळाकाडी रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधली, की काही वर्षांनी खुंटाची साल फाटते, पापुद्रे सुटतात आणि झाड खुजं राहतं. यावर औषध नाही. हा रोग चाकूच्या पात्यावरून पसरतो आणि नुसत्या स्पिरिटनं किंवा पातं ज्योतीवर धरून त्याची खात्री देता येत नाही. डाळिंबाचा तेल्याही छाटणीच्या हत्यारांवरून पसरतो.

म्हणून पातं एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावं. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल, तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी घ्या. आधी फडक्यानं चीक पुसा, मग पातं काही सेकंद बुडवा, साध्या पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. डोळाकाडीचं झाड बदललं की प्रत्येक वेळी असं करा. द्रावण रोज ताजं करा, उन्हात ठेवू नका, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि त्यात आम्ल मिसळू नका.

जुन्या-नव्याचा निर्णय इथं होतो. हे द्रावण कार्बन पोलाद फार लवकर खातं. स्टेनलेसलाही ते लागतं, पण धुवून पुसलं तर पातं बराच काळ टिकतं.

कलमं बांधायला बाहेरचा कारागीर येत असेल, तर त्याचा चाकू कालपर्यंत दुसऱ्याच्या बागेत चाललेला असतो. द्रावणाचं भांडं आपण स्वतः भरून त्याच्यापुढे ठेवा. “दादा, आधी एवढं पातं बुडवून घ्या,” असं म्हणायला संकोच करू नका. त्यात त्याचा अपमान नाही, आणि बाग आपली आहे.

मग कोणी कोणता वापरावा?

रोपवाटिका असेल, पावसात शेकडो कलमं बांधायची असतील किंवा संत्रा-मोसंबीचे डोळे भरायचे असतील, तर चांगल्या पाण्याचा, खटक्याचा स्टेनलेस चाकू घ्या. तिथं दोन रुपये वाचवू नका.

वर्षाकाठी घरापुरती पाच-पन्नास कलमं करायची असतील, निसण्याची सवय असेल आणि वडिलांचा चाकू वर सांगितलेल्या परीक्षेत उतरत असेल, तर तोच ठेवा. नवा घ्यायचं कारण नाही. मात्र द्रावणात बुडवल्यावर तो लगेच धुवा, पुसा आणि तेलाचं बोट फिरवा.

परीक्षेत न उतरलेला जुना चाकू सुतळी तोडायला, पोतं उसवायला ठेवा. त्या कामाला कलमाचा चाकू कधी देऊ नका.

निगा

उताराची बाजू निसण्यावर एकाच कोनात पाजवा. सपाट बाजू फक्त आडवी ठेवून दोन वेळा फिरवा, म्हणजे उलटलेली कड निघून जाईल. फिरत्या धारवाल्याच्या चाकावर हे पातं देऊ नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. त्याच कारणानं पातं ज्योतीवर धरू नका. काम संपल्यावर सांध्यातला चीक काढा, तेलाचा एक थेंब सोडा आणि चाकू मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. बोट कापलंच, तर जखम साबणपाण्यानं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा.

बंधूंनो, भगिनींनो, चाकूचं वय विचारू नका. त्याचा काप बघा आणि त्याची स्वच्छता बघा. यंदा पहिली काडी तासायच्या आधी घरातला चाकू काचेवर ठेवून बघा आणि मगच बाजाराची वाट धरा.