रसग्रहणाचा प्रश्न आणि आपली मुले

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीच्या प्रश्नपत्रिकेत रसग्रहणाचा एक प्रश्न असतो. कवितेच्या ओळी दिलेल्या असतात आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये या अंगांनी त्यांच्याविषयी लिहावयाचे असते. मला वर्गात आलेला अनुभव असा, की आपल्या समाजातील बरीच मुले हा प्रश्न एक तर सोडून देतात, नाही तर गाइडातला पाठ केलेला मजकूर उतरवून मोकळी होतात. पालकांशी बोलावे तर त्यांचे म्हणणे ठरलेले, "सर, मराठीत पास झाला म्हणजे झाले. गणित-विज्ञान तेवढे बघा." घरात दखनी किंवा उर्दू, शाळेत मराठी, आणि त्यात ज्ञानेश्वर-तुकारामांची जुनी मराठी, ती आपल्या मुलाला कोठून कळणार, असा त्यामागचा सूर असतो. मला आज या सुराविरुद्ध बोलावयाचे आहे.

प्रथम गाइडाविषयी. "या कवितेत कवीने आपल्या भावना अत्यंत सुंदर शब्दांत व्यक्त केल्या आहेत. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे." ही वाक्ये तुकारामांच्या अभंगाखाली लिहा, केशवसुतांच्या कवितेखाली लिहा, बहिणाबाईंच्या ओवीखाली लिहा, कोठेही खपतात. जे वाक्य कोणत्याही कवितेला चालते ते या कवितेविषयी काहीच सांगत नाही, आणि तपासणाऱ्यालाही ते शंभर पेपरांत भेटलेले असते. मुलांनो, आपण लिहिलेले प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासून पाहा. दुसऱ्या कवितेखाली ते चालत असेल तर खोडून टाका.

मग लिहावयाचे काय? समोर जे दिसते ते लिहावे. अभंगाच्या ओळी आल्या तर बोटांवर अक्षरे मोजावीत. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणात जुळते. ही माहिती पाठ असलेली मुले पुष्कळ आहेत, पण ती तिथेच थांबतात. पुढचा प्रश्न विचारा. तीन चरण सारखे आले आणि चौथा एकदम आखूड का झाला? मोठ्याने म्हणून पाहिले की कळते. आवाज त्या चार अक्षरांवर येऊन टेकतो, आणि बहुधा सांगावयाची नेमकी गोष्ट तिथेच असते. एवढे निरीक्षण आपल्या शब्दांत लिहिले, तरी गाइडाच्या पानापेक्षा ते मोलाचे आहे.

अलंकाराचेही तसेच. "येथे उपमा अलंकार आहे" एवढे लिहून मुले पुढे जातात. समजा कोणी म्हणाले, "अब्बांचा राग वळवाच्या सरीसारखा." राग हे उपमेय, वळवाची सर हे उपमान, हे झाले नाव-गाव. पण वळवाची सर गाजावाजा करीत येते, फार वेळ टिकत नाही आणि मागे जमीन गार करून जाते. अब्बांच्या रागाविषयी इतके सगळे त्या एका शब्दात आले, हे ज्याने लिहिले त्याने रसग्रहण केले. ज्ञानेश्वरी ही शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०ची. तिच्यातील दृष्टांत दिवा, पाणी, आई, लेकरू अशा घरातल्या गोष्टींचेच आहेत. शब्द जुने असले तरी वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत.

आता गद्याकडे येतो, कारण आपल्या मुलांचा खरा लाभ तिथे आहे आणि तो त्यांना कोणी सांगत नाही. बखरीचा उतारा आला की वर्गातील इतर मुले अडखळतात. हुकूम, मुलूख, फौज, खजिना, मसलत, बंदोबस्त, तजवीज अशा शब्दांनी तो भरलेला असतो. पण हे शब्द तुमच्या घरात, तुमच्या आजोबांच्या तोंडी आहेत. 'बखर' हा शब्दही अरबी 'खबर'वरून आला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात दरबारी अर्जाचा घाट घेऊन 'अर्जदस्त' नावाच्या रचना केल्या. अर्ज कोणाकडे करतात, हुजूर कोणास म्हणतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला जीवाने परमेश्वराकडे केलेला अर्ज समजावयास किती वेळ लागेल? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. सगनभाऊ हे पेशव्यांच्या उत्तरकाळातील नामांकित शाहीर, धंद्याने शिकलगार आणि जातीने मुसलमान. मराठीची जुनी वास्तू परक्याची, ही समजूत मुलांच्या डोक्यात भरण्यापूर्वी पालकांनी ही नावे तरी ध्यानात घ्यावीत. (आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ती फारशी निघत नाहीत, हेही येथे सांगून टाकतो.)

एक उदाहरण थोडे सविस्तर घेतो. चौदा ओळींचा सुनीत हा प्रकार मराठीत केशवसुतांनी आणला. ते स्वतः शाळामास्तर होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. १८९२ सालचे त्यांचे 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतील पहिले सुनीत मानतात. आता या शीर्षकापाशीच थांबा. दोन्ही वस्तू एकाच बादशहाच्या, शहाजहानच्या. एक बसण्याचे रत्नजडित आसन, दुसरी प्रिय पत्नीची कबर. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्लीहून लुटून नेले. ताजमहाल आजही यमुनेकाठी उभा आहे. इतिहासाच्या तासाला तुम्ही हे शिकलेले आहात. मग कवीने या दोहोंमध्ये 'आणि' का घातले असेल? त्याला त्या शेजारातून काय सुचवावयाचे असेल? हा प्रश्न मनात घेऊन ग्रंथालयातून कविता काढून वाचा. सुनीतात बहुधा आठ ओळींनंतर विचार वळण घेतो. येथे तो वळतो का आणि कोठे, ते पेन्सिलीने खूण करून पाहा. कवितेत शिरण्यापूर्वीच तुमच्या हातात चार-पाच वाक्ये आलेली असतील, आणि ती कोणत्याही गाइडातली नसतील.

गझलेविषयी तर बोलावयासच नको. काफिया आणि रदीफ म्हणजे काय, हे कव्वाली ऐकणाऱ्या घरात मुलाच्या कानाला आधीच ठाऊक असते. माधव जूलियन हे फार्सीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला आणि १९३३ साली 'गज्जलांजली'. पुढे सुरेश भटांनी मराठी गझल घरोघर नेली. परीक्षेत गझलेच्या ओळी आल्या तर एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. सगळ्या शेरांची एकच गोष्ट जोडत बसू नका. रदीफाचा शब्द तोच राहतो, पण प्रत्येक शेरात त्याचा अर्थ कसा सरकतो, ते दाखवा.

पालकांना एकच विनंती. संध्याकाळी दहा मिनिटे मुलाला किंवा मुलीला पाठ्यपुस्तकातील कविता मोठ्याने वाचावयास सांगा आणि आपण ऐका. आपणास मराठी लिहिता येत नसेल तरी चालेल. कानाला कोठे गोड लागले, कोठे शब्द अडला, एवढे विचारा. मुलींच्या बाबतीत विशेष सांगतो, कारण त्यांना घरकामातून ही दहा मिनिटे मिळत नाहीत, आणि माझ्या वर्गात कवितेचा कान मला त्यांच्याकडे अधिक आढळला आहे. अडलेला शब्द वहीत उतरवून शाळेत आणावा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, अरबी-फार्सीतून आलेल्या शब्दांपुढे तशी खूण केलेली आहे. ती पाहून आलेला मुलगा परत आल्यावर दोन शब्द जास्त बोलतो, असे मी पाहिले आहे.

येत्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर तासभर मी दहावीच्या मुलामुलींना घेऊन बसणार आहे. फी नाही. येताना पाठ्यपुस्तक, वही आणि पेन्सिल आणावी. गाइड घरी ठेवावे.